वाचलेले दहा हजार: डिजिटल कन्सोल, भाड्याची आयडी आणि मागून जोडलेला डिस्क ड्राइव्ह

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वडिलांचं कृषी सेवा केंद्र. थोरला मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, धाकट्यानं नुकतीच दहावी दिलेली. चांगले मार्क पडले तर प्लेस्टेशन, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा सोनीचा कन्सोल, घ्यायचं ठरलं होतं आणि मार्क पडले. ओळख पटू नये म्हणून गाव, दुकान आणि नात्यांचे काही तपशील बदलले आहेत.

प्लेस्टेशन ५ ची स्लिम आवृत्ती भारतात एप्रिल २०२४ मध्ये आली. डिस्क ड्राइव्ह असलेली ५४,९९० रुपयांना आणि ड्राइव्ह नसलेली ‘डिजिटल एडिशन’ ४४,९९० ला. प्रोसेसर तोच, १ टीबी साठवण तीच, कंट्रोलरही तोच. फरक डिस्क घालायच्या एका खाचेचा, आणि त्या खाचेचे दहा हजार.

मे अखेरीस वडील आणि धाकटा शहरातल्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “काका, सीडीचा जमाना गेला. आता सगळं डाउनलोड. गेम आम्हीच भरून देतो, नऊ गेम साडेसात हजारांत.” तेच नऊ गेम स्वतः घ्यायचे तर पंचवीस-तीस हजारांच्या खाली भागलं नसतं. “दहा हजार वाचलालेत, मग ह्येच द्या,” म्हणून वडिलांनी विषय संपवला. थोरल्याला फोन गेला तो कन्सोल घरी आल्यावर. कन्सोलचं बिल पक्कं, जीएसटीसह मिळालं. गेमचे साडेसात हजार दुकानाच्या चिठ्ठीवर पेनानं लिहिलेले होते.

‘गेम भरून देणे’ हा शब्द प्लेस्टेशन २ च्या काळातला. तेव्हा कन्सोलला चिप बसवून घ्यायची आणि स्टँडजवळच्या दुकानातून पन्नास रुपयांची कॉपी केलेली सीडी आणायची, अशी रीत होती. ती बेकायदाच होती, पण सीडी निदान आपल्या कपाटात असायची. आज त्याच शब्दाखाली जे मिळतं ते वेगळंच असतं आणि गिऱ्हाइकाला ते कुणी सांगत नाही.

भरलेल्या गेमच्या आत काय असतं

डिजिटल गेमचा परवाना ज्या खात्यानं पैसे भरले त्या खात्याला लागतो, कन्सोलला लागत नाही. ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ नावाची सोय एका खात्याला एकाच पीएस५ (प्लेस्टेशन ५) वर चालू ठेवता येते; पीएस४, म्हणजे आधीच्या पिढीच्या कन्सोलसाठी, अशीच वेगळी एक जागा असते. ज्या कन्सोलवर ती चालू आहे तिथे घरातला कुणीही आपापल्या यूजरमधून (कन्सोलवरच्या प्रोफाइलमधून) त्या खात्याचे गेम खेळू शकतो, नेट बंद असलं तरीही. सोय केली आहे ती एका घरातल्या माणसांसाठी.

आयडी, म्हणजे गेम घेतलेली खाती, विकणारे याच सोयीवर पोट भरतात. एका खात्यावर गेम एकदाच घेतात आणि तो परवाना तुकडे करून विकतात. ‘प्रायमरी’ घेणाऱ्याच्या कन्सोलवर शेअरिंग चालू करून दिलं जातं आणि तो स्वतःच्या यूजरमधून खेळतो. ‘सेकंडरी’ स्वस्त पडते, पण त्यात विकणाऱ्याच्याच यूजरमध्ये शिरून आणि नेट चालू ठेवून खेळावं लागतं. पीएस४ ची आवृत्ती असेल तर तिसरं गिऱ्हाईक. कंपनीच्या अटींत यातलं काहीच बसत नाही. शिवाय गेम दुसऱ्याच कुणाच्या कार्डावर घेतलेला निघाला आणि बँकेनं पैसे परत ओढले, तर खातंच बंद पडतं. सातबारा एकाच्या नावावर, पेरणी तिघांची आणि करार कुठेच नाही, असा हा मामला.

या घराच्या नऊ गेमांत सात प्रायमरी होते, दोन सेकंडरी. सेकंडरी म्हणजे काय ते दुकानात कुणी सांगितलं नाही. “हा गेम खेळताना ह्या यूजरमधी जायचं” एवढीच सूचना होती.

अडचण

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत तीन गेमांवर कुलपाची खूण आली. धाकट्यानं सेटिंग्जमधल्या ‘यूजर्स अँड अकाउंट्स’मध्ये ‘अदर’खाली असलेलं ‘रिस्टोअर लायसन्सेस’ चालवून पाहिलं. फरक पडला नाही आणि पडणारही नव्हता. खात्याकडे जे परवाने आहेत तेच ते पुन्हा आणतं. शेअरिंग दुसऱ्या कन्सोलवर गेलं असेल तर परत आणायला या घराच्या हातात काही उरत नाही.

दुकानदारानं फोनवर ओटीपी सांगत तिन्ही गेमांसाठी नव्या आयडी जोडून दिल्या. इथे दुसरी अडचण सुरू झाली. तीनपैकी दोन आयडींवरचे गेम वेगळ्या रिजनचे, म्हणजे दुसऱ्या देशांसाठीच्या आवृत्तीचे होते. कन्सोलच्या लेखी वेगळ्या रिजनचा गेम हा स्वतंत्र गेम असतो. म्हणजे डाउनलोड पहिल्यापासून, आणि जुने सेव्ह (खेळाची साठवलेली प्रगती) त्यात उघडत नाहीत. घरचं फायबर ३० एमबीपीएसचं, प्रत्यक्षात पंचवीसच्या आसपास मिळणारं. त्या वेगानं १०० जीबीच्या गेमला नऊ तास लागतात. महिन्याची डेटा मर्यादा आड आली नाही, वीज आली. राउटर इन्व्हर्टरवर होता, पण टीव्हीजवळचा प्लग नव्हता. रात्री डाउनलोड लावून कन्सोल रेस्ट मोडला, म्हणजे अर्धवट झोपेत, ठेवायचा. मध्यरात्री वीज जायची, परत यायची, पण कन्सोल आपोआप चालू होत नाही. सकाळी पाहावं तर ३८ टक्क्यांवर अडकलेलं.

डिसेंबर संपेपर्यंत नऊपैकी सात गेम बंद झाले. दोन्ही सेकंडरी गेमांचे पासवर्ड बदलले गेले होते. दुकानदारही हतबल होता, कारण त्याला आयडी पुरवणारा टेलिग्रामवरचा माणूस ग्रुप बंद करून गेला होता. उरलेले दोन गेम चालू होते ते कन्सोल वायफायवरून काढून ठेवल्यामुळे. नेट नसेल तर प्रायमरी बदलल्याची खबर कन्सोलला लागत नाही. ही युक्ती धाकट्याला वर्गातल्या मित्रानं सांगितली होती.

सगळ्यात मोठं नुकसान पैशात मोजता येणारं नव्हतं. फुटबॉलच्या गेममधलं सत्तर तासांचं करिअर सेकंडरी आयडीत, म्हणजे विकणाऱ्याच्या यूजरमध्ये खेळलं गेलं होतं. पीएस५ च्या गेमांचे सेव्ह पेनड्राइव्हवर काढता येत नाहीत. ते फक्त क्लाउडवर जातात, आणि तेही त्या खात्याला पीएस प्लसची वर्गणी असेल तरच. पीएस४ च्या गेमांचे सेव्ह यूएसबीवर निघतात, म्हणून अनेकांचा इथे गोंधळ होतो. ते सत्तर तास गेले.

समोरचे पर्याय

थोरला वेळा अमावस्येला घरी आला. शेतातली भज्जी-आंबील आटोपल्यावर संध्याकाळी त्यानं वही घेतली आणि प्रत्येक गेमपुढे खेळलेले तास लिहिले. कन्सोलच्या प्रोफाइलमध्ये ते दिसतात. तीन गेम प्रत्येकी वीस तासांच्या वर. दोन पाच-दहा तास. उरलेले चार दोन तासही नाहीत. नऊ गेम ‘मिळाले’ होते, पण घराला गरज तीनची, फार तर पाचची होती. या यादीनं पुढचा सगळा हिशेब बदलला.

पहिला पर्याय म्हणजे दुसरा आयडीवाला गाठणं. पाच गेमांचे चार-साडेचार हजार. दोघांनीही तो लगेच सोडला.

दुसरा पर्याय स्वतःच्या खात्यावर, सेल लागेल तसे गेम घेणं. भारतातल्या पीएस स्टोअरवर (कंपनीच्या ऑनलाइन दुकानात) जुन्या गेमांना अर्ध्याहून जास्त सूट वरचेवर लागते, आणि एक-दोन वर्षं जुन्या गेमवर भागत असेल तर हा मार्ग वाईट नाही. पाच गेमांचा अंदाज आठ-साडेआठ हजार आला. अडचण अशी की इथे घेतलेला गेम संपल्यावर विकता येत नाही, मित्राला देता येत नाही, दोघा भावांत वाटता येत नाही. परताव्याचा नियमही कडक आहे. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि डाउनलोड सुरू झालेलं नसेल तरच पैसे मागता येतात. खरेदी होताच डाउनलोड आपोआप सुरू होणारी सेटिंग चालू असली, तर हा हक्क पहिल्या मिनिटातच संपतो.

तिसरा पर्याय ड्राइव्ह जोडण्याचा. स्लिमच्या डिजिटल आवृत्तीला सुटा ड्राइव्ह बसतो. २०२१ मध्ये भारतात आलेल्या जुन्या, जाड डिजिटल पीएस५ ला तो बसत नाही, आणि बाहेरून यूएसबीवर ब्लू-रे (पीएस५ च्या डिस्कचा प्रकार) ड्राइव्ह लावून कोणत्याच पीएस५ वर गेम चालत नाही. हैदराबादच्या बाजारात आयात केलेल्या ड्राइव्हचा भाव ११,५०० निघाला.

चौथा, कन्सोलच बदलणं. आपला वापरलेला डिजिटल विकून ३३,००० येत होते, दुसऱ्याचा वापरलेला डिस्कवाला ४३,००० ला मिळत होता. वरचे दहा हजार, म्हणजे ड्राइव्हपेक्षा स्वस्त. वडिलांनी नकार दिला: आपल्या डब्याचं बिल आपल्याकडं आहे, दुसऱ्याचा डबा कुठून आला कुणाला माहीत. वॉरंटीचे तोवर पाचच महिने उरले होते, त्यामुळे तो मुद्दा फारसा वजनदार नव्हता. पण जुन्या कन्सोलवर आधीच्या मालकामुळे कंपनीची बंदी असू शकते, आणि ती वरून दिसत नाही. वडिलांना हे ठाऊक नसूनही त्यांची शंका योग्य जागी होती.

पीएस प्लसच्या वर्गणीचाही विषय निघाला. वर्गणीतले गेम यादीतून येतात-जातात आणि वर्गणी थांबली की बंद होतात. कुलपानं पोळलेल्या घराला ते पटलं नाही. एरवी वर्षात दहा-बारा गेम चाखणाऱ्यासाठी हा पर्याय इतक्या पटकन टाकून देण्यासारखा नाही.

‘सगळं डिस्कवरच’ असा हट्ट मात्र थोरल्यानं धरला नाही, आणि त्याला कारणं होती. डिस्क हातात असली म्हणजे गेम हातात असतोच असं नाही. २०२२ च्या कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर २ च्या पीएस५ डिस्कवर जेमतेम सत्तर एमबी होते. बाकी सगळा गेम नेटवरून. द क्रू या रेसिंग गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि गेम कायम ऑनलाइन असल्यामुळे डिस्कवाले आणि डाउनलोडवाले एकाच दिवशी बाहेर पडले. उलटं उदाहरण फिफा या फुटबॉल गेमचं. सप्टेंबर २०२३ मध्ये ईए या गेम कंपनीनं फिफा २३ आणि त्याआधीचे भाग डिजिटल दुकानांतून काढून टाकले. ज्याला आज फिफा २३ हवा त्याला जुनी डिस्कच शोधावी लागते. कन्सोलची दुकानंही कायमची नसतात. निन्टेन्डोच्या ३डीएस आणि वी यू चं दुकान २७ मार्च २०२३ ला, एक्सबॉक्स ३६० चं २९ जुलै २०२४ ला बंद झालं. आधी घेतलेलं पुन्हा उतरवून घेता आलं, पण नवीन काही घेता येईना.

शेवटी तिसरा आणि दुसरा एकत्र करायचं ठरलं. खेळून संपणारे, कथेचे गेम जुन्या डिस्कवर. वर्षभर रोज थोडे थोडे खेळायचे, डिस्क अदलाबदल करत बसणं जिवावर येईल असे गेम सेलमध्ये स्वतःच्या खात्यावर.

काय केलं

आधी दुकान. चिठ्ठी दाखवल्यावर बरीच वादावादी होऊन २,००० परत मिळाले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करायचा विचार झाला. पण गेमचं बिल नव्हतं आणि व्यवहारच अटींच्या बाहेरचा, म्हणून वडिलांनी सोडून दिलं. निदान फोन करायला हरकत नव्हती.

मग खरा पेच. ड्राइव्ह पहिल्यांदा बसवला की नोंदणीसाठी कन्सोल एकदा नेटवर न्यावाच लागतो. नेटवर नेला की उरलेले दोन गेम जाणार. त्यातल्या एकात धाकट्याचे चाळीस तास होते आणि शेवट जवळ आला होता. थोरल्यानं २६ जानेवारीपर्यंत मुदत दिली. गेम २३ तारखेलाच संपला. ही मुदत देणं हा या प्रकरणातला बहुधा सर्वांत शहाणा निर्णय. त्यानंतर घरात कुणी कुरकुर केली नाही.

साफसफाईचा क्रम महत्त्वाचा होता. कन्सोलवरून एखादा यूजर पुसला की त्या यूजरचे सेव्हही जातात, म्हणून आधी कोणता सेव्ह कोणत्या यूजरमध्ये आहे ते लिहून काढलं. प्रायमरी गेमांचे सेव्ह धाकट्याच्याच यूजरमध्ये होते. तोच गेम त्याच रिजनचा पुन्हा आला तर ते चालतात. मग परक्या आयडींचे यूजर एकेक करून काढले. नवं खातं थोरल्याच्या नावानं, भारताच्या रिजनचं उघडलं, कारण धाकटा अठराच्या आतला आणि खात्याचा देश मागाहून बदलता येत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी थोरल्याच्या फोनवर लावली. खात्याला कार्ड न जोडता गिफ्ट कार्डानं पैसे भरायचं ठरलं, म्हणजे हजार भरले की हजारच जातात. आपोआप डाउनलोडची सेटिंग बंद केली.

ड्राइव्ह हैदराबादच्या मामांनी आणला. पहिल्या दुकानानं त्यांना ४,००० रुपयांचा सुटा ड्राइव्ह दाखवला होता. मामांनी फोटो पाठवला आणि थोरल्यानं थांबवलं. तो जुन्या पीएस५ मधून काढलेला होता. त्या ड्राइव्हचं सर्किट मूळ मदरबोर्डशीच बांधलेलं असतं, दुसऱ्या कन्सोलमध्ये ते डिस्क वाचत नाही. सीलबंद डबा ११,५०० ला घेतला आणि ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं ३०० रुपयांत गावात आला.

बसवायला दहा मिनिटंही लागत नाहीत, पण कन्सोल रेस्ट मोडला नको, पूर्ण बंद हवा आणि वायर काढलेली हवी. ड्राइव्हच्या बाजूचं खालचं पांढरं आवरण हातानं ओढून निघतं. ड्राइव्ह जागेवर सरकवून ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबायचा आणि ड्राइव्हसोबत आलेलं, खाच असलेलं आवरण लावायचं. स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही; लागतोय असं वाटलं तर काहीतरी चुकतंय. इथे सगळं नीट झालं आणि नेट गेलं. रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडलं होतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर प्रयत्न केला, तर महिनाभर ऑफलाइन राहिलेल्या कन्सोलनं आधी सिस्टिम अपडेट मागितलं आणि त्यात धाकट्याच्या रोजच्या दीड जीबीचा फडशा पडला. वडिलांच्या फोनवरून दुसऱ्या दिवशी नोंदणी झाली.

त्यानंतर डिस्कांची भिशी. गावात आणि आसपास पीएस५ असलेली पाच घरं होती. व्हॉट्सॲपवर यादी केली: कुणाकडे कोणती डिस्क, किती दिवसांसाठी दिली. नियम तीन ठरले. उसनी डिस्क तीन आठवडे. हरवली तर त्या दिवशीचा जुन्याचा भाव. आणि नवी डिस्क घेण्याआधी तिच्यावर पूर्ण गेम आहे की थोडाच, ते पाहायचं. शेवटचा नियम नेटामुळे आला. पूर्ण गेम डिस्कवर असेल तर तासाभरात तो कन्सोलवर उतरतो आणि अपडेट पुढे सवडीनं घेता येतं. गेम कन्सोलवर उतरला तरी खेळताना डिस्क आत लागतेच. तशी सक्ती नसती तर एकाच डिस्कवर पाचही घरं एकाच वेळी खेळली असती, आणि कंपन्यांनी सक्ती ठेवली आहे ती तेच टाळण्यासाठी.

काय झालं

पहिली चूक रिजनची झाली. ओएलएक्सवरून आलेली एक डिस्क अमेरिकेची निघाली. गेम चालला, पण भारताच्या स्टोअरवरून घेतलेला जादा भाग तिला जुळेना. ९०० रुपये गेले. रिजन ओळखायचा तो डिस्कच्या कडेला आणि डब्याच्या कण्यावर छापलेल्या क्रमांकावरून. पीएस५ वर तो ‘पीपीएसए’नं सुरू होतो, पीएस४ वर ‘सीयूएसए’नं. तोच क्रमांक आपल्या स्टोअरवरच्या आवृत्तीचा आहे का, हे जादा भाग घेण्याआधी जुळवायचं.

दुसरी चूक जास्त बोचली. ओरखडा असलेली एक डिस्क मध्येच अडकायची. मोबाइल दुरुस्तीवाल्यानं ती ‘बफ’ करून दिली, जशी पूर्वी सीडी करत. डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर खाली असतो, म्हणून वरचं प्लास्टिक घासून चालायचं. ब्लू-रेत तो फक्त ०.१ मिलिमीटर खाली असतो आणि वर कडक लेप असतो. लेप घासला गेला आणि आधी अडखळणारी डिस्क मुळीच वाचेना. १,७०० रुपये पाण्यात. ब्लू-रे मऊ कापडानं आतून बाहेर, सरळ रेषेत पुसायची, एवढाच घरगुती इलाज आहे. त्यानं भागलं नाही तर डिस्क परत करायची किंवा सोडून द्यायची.

फेब्रुवारी २०२५ ते जानेवारी २०२६ या वर्षाचा हिशेब वहीत असा आहे. आठ जुन्या डिस्का १३,६०० ला घेतल्या. पाच खेळून ७,९०० ला विकल्या. त्या पाच पडल्या होत्या ८,७०० ला. म्हणजे पाच गेम आठशे रुपयांत खेळून झाले, वर पार्सलचे सहाएकशे. एक डिस्क खराब, दोन घरात. स्टोअरवरून सेलमध्ये चार गेम ४,१५० ला. बंद झालेल्या तीन आवडत्या गेमांपैकी दोन याच वाटेनं परत आले. एकाचा सेव्ह जसाच्या तसा उघडला, दुसऱ्याची मूळ आयडी परदेशी रिजनची असल्यानं तो पहिल्यापासून खेळावा लागला.

ड्राइव्हचे ११,८०० अजून वसूल झालेले नाहीत. विकलेले पाच गेम त्या त्या दिवशी स्टोअरवर ११,२०० ला पडले असते. त्यातून आठशे, पार्सल आणि खराब डिस्क वजा केली की वर्षाची बचत ८,१०० च्या आसपास येते. दुसऱ्या वर्षी वसूल व्हायला हवेत, पण भिशी आटली आहे. पाच घरांपैकी दोघं नीटच्या क्लाससाठी लातूरला गेले, आणि धाकटा स्वतः बारावीला असल्यानं जूनपासून कन्सोल फक्त रविवारी लागतो. वडिलांना हा शेवटचा भाग सगळ्यात जास्त आवडला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशीचा हिशेब पुन्हा मांडला की दिसतं: कन्सोल ४४,९९० आणि गेम ७,५०० मिळून दुकानातच ५२,४९० गेले होते. डिस्कवाल्या कन्सोलपेक्षा फक्त अडीच हजार कमी. पुढे ड्राइव्ह आणि पार्सल धरून, दुकानाचे दोन हजार वजा जाता आकडा ६२,२९० वर गेला, म्हणजे ७,३०० जास्त. तेव्हा डिस्कवाला कन्सोल आणि जुन्या दोन डिस्का घेतल्या असत्या तर साधारण ५८,५०० मध्ये भागलं असतं. ‘नऊ गेम’ हा आकडा ऐकल्यावर ही बेरीज कुणी केली नाही.

दुकानात तीन प्रश्न विचारायला हवे होते. गेम कोणाच्या खात्यावर आहेत, त्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड आमच्या ताब्यात येणार का, आणि गेमचं बिल मिळेल का. तिन्हींना ‘नाही’ आलं असतं. थोरल्याला फोन आधी गेला असता तर त्यानं पहिलाच प्रश्न विचारला असता.

दुसरी संधी दिवाळीत होती. पहिले तीन गेम बंद पडले तेव्हाच दुकानदाराकडून नवी आयडी न घेता पैसे परत मागितले असते, तर तो टेलिग्रामवाला अजून गायब झाला नव्हता. दोन हजारांपेक्षा जास्त सुटले असते. आणि त्याच दिवशी सेकंडरीचा अर्थ कळला असता तर फुटबॉलचं करिअर तिथेच थांबवून स्वतःच्या यूजरमध्ये नव्यानं सुरू करता आलं असतं, वीस-पंचवीस तासांच्या नुकसानीत.

डिजिटल कन्सोल घेणं मुळात चूक होतं, असं मात्र या प्रकरणातून निघत नाही. शंभर एमबीपीएसचं भरवशाचं नेट, आसपास डिस्क देवाणघेवाण करणारं कुणी नाही आणि वर्षाला दोन-तीनच गेम, असं घर असेल तर दहा हजारांत सेलमधले सात-आठ गेम स्वतःच्या नावावर येतात. या घरात नेट मध्यम, वीज बेभरवशाची, मित्र भरपूर आणि पैसे वडिलांचे होते. चारही गोष्टी डिस्कच्या बाजूच्या होत्या आणि चारही खरेदीच्या दिवशी माहीत होत्या.

एक प्रश्न अजून सुटायचा आहे. स्टोअरवरचे चार गेम थोरल्याच्या खात्यावर आहेत आणि तो या वर्षी नोकरीला लागला की स्वतःचा कन्सोल घेणार आहे. घरच्या कन्सोलवर शेअरिंग तसंच ठेवून तो तिकडे आपल्या खात्यात शिरला, तर दोघंही एकाच वेळी खेळू शकतील. फक्त त्याला नेट चालू ठेवावं लागेल. आयडीवाला जे परक्यांना विकत होता तेच इथे भावाभावांत, ज्यासाठी सोय केली आहे त्यासाठी वापरलं जाईल. पण नव्या कन्सोलवर साइन इन करताना येणाऱ्या पडद्यावर त्यानं घाईत शेअरिंग तिकडे चालू केलं, तर घरचे चारही गेम पुन्हा कुलपात जातील. धाकट्यानं त्याला ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं आहे आणि तो मेसेज पिन करून ठेवला आहे.